इंजेक्शन दिलं आणि बाबा जास्तच बिघडले, मग आता परत तेच द्यायचं?

आलेलं पत्र, थोडक्यात: लिहिणारी ऐरोलीत राहते, वय ४३. आई-बाबा आणि दादा-वहिनी ठाण्यात, वर्तकनगरला. बाबा ७१ वर्षांचे, शुगर जुनी. सव्वा महिन्यापूर्वी एका शनिवारी त्यांना थंडी वाजून ताप आला, घरात सगळ्यांनी व्हायरल धरलं आणि खालच्या मेडिकलमधून अझिथ्रोमायसिनच्या गोळ्या आल्या. रविवारी संध्याकाळी बाबा काहीतरी असंबद्ध बोलायला लागले, लघवी जवळजवळ बंद. दादा कामासाठी पुण्यात, म्हणून हीच भर पावसात विटाव्याहून कसंबसं ठाणं गाठून त्यांना हॉस्पिटलात घेऊन गेली. वरचं बीपी ८०, सोनोग्राफीत डाव्या मूत्रनलिकेत अडकलेला खडा आणि सुजलेली किडनी. रक्ताचं आणि लघवीचं कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) घेतलं, सेफ्ट्रियाक्सोनचं इंजेक्शन दिलं, आणि तासाभरात बाबा कुडकुडायला लागले, बीपी अजून पडलं, आयसीयूत हलवलं. रात्रीच डीजे स्टेंट, म्हणजे मूत्रनलिका मोकळी ठेवणारी प्लॅस्टिकची नळी, टाकला. तिसऱ्या दिवशी कल्चरमध्ये ईएसबीएलवाला, म्हणजे काही अँटिबायोटिकना दाद न देणारा, ई. कोलाय जंतू आला, इंजेक्शन बदलून मेरोपेनेम सुरू झालं, अकराव्या दिवशी घरी सोडलं. आता युरॉलॉजिस्ट म्हणतायत की लेझरने खडा फोडून स्टेंट काढूया, त्याआधी लघवीचं कल्चर आणि अँटिबायोटिक. दादाने कुठेतरी वाचलंय की सेप्सिसमध्ये अँटिबायोटिकमुळे शरीराची प्रतिकाराची यंत्रणाच बदलते. त्याचं म्हणणं, "त्या इंजेक्शननेच बाबांची इम्युनिटी मोडली, आता एकही अँटिबायोटिक नको, आधी ताकद येऊ दे, स्टेंटचं नंतर बघू." घरात गुळवेलीचा काढा सुरू झालाय. पत्राचा शेवट असा: "फॉर्मवर सही मी केली होती ताई. दादाचं खरं असेल तर मीच बाबांना तिथे ढकललं का? आणि आता परत हो म्हणू की नको?"

अगं, तुझ्या पत्रात तू एक वाक्य सहज लिहून गेलीस, "तिसऱ्या दिवशी कल्चर आलं आणि इंजेक्शन बदललं", आणि मी तिथेच अडकले. माझी सगळी नोकरी मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये गेली, कल्चरच्या प्लेटी बघण्यात, त्यामुळे बाकीचे लोक पेशंटकडे बघतात तेव्हा मी रिपोर्टकडे बघते, ही सवय रिटायर होऊनही जात नाही. तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या एका वाक्यात आहे, पण तिथे थेट उडी मारली तर दादावर अन्याय होईल, कारण दादा जे बोलतोय ते सगळं बकवास नाहीये. त्याने जे वाचलंय ते खरं आहे, फक्त त्याने ते ज्या जागी लावलंय ती जागा चुकलीय.

आधी त्याचं खरं किती ते बघू.

सेप्सिस म्हणजे "रक्तात जंतू झाले" एवढंच आपण घरी म्हणतो. २०१६ साली डॉक्टरांनी जी व्याख्या नव्याने ठरवली त्यात मुख्य दोष जंतूवर नाही, आपल्या शरीराच्या उत्तरावर टाकलाय: इन्फेक्शनला शरीर जे उत्तर देतं ते बेताल होतं आणि त्यातून आपलेच अवयव बंद पडायला लागतात. म्हणजे चोर एकच असतो पण त्याला पकडायला आलेल्या लोकांनीच अख्ख्या चाळीची मोडतोड केली असं. म्हणून दादाचं डोकं "इम्युनिटी"कडे गेलं हे चूक नाही, तो योग्य दरवाजासमोर उभा आहे.

आता अँटिबायोटिकचा संबंध. बाबांना झालेला ई. कोलाय ज्या जातीचा असतो, म्हणजे ग्राम निगेटिव्ह, त्यांच्या बाहेरच्या भिंतीत एक पदार्थ असतो, एंडोटॉक्सिन. जंतू जिवंत असताना तो बऱ्यापैकी भिंतीत बसून असतो, जंतू फुटला की मोकळा होतो. १८९२ साली जर्मनीत रिचर्ड फायफर कॉलऱ्याच्या जंतूंवर काम करत होता, त्याच्या लक्षात आलं की जंतू मारून टोचले तरी गिनीपिग मरतायत, म्हणजे विष जंतूच्या अंगातच आहे, त्यावरून हे नाव आलं. आपल्या पेशींना हे विष कळतं कसं याचा उलगडा व्हायला मात्र पुढे शंभरेक वर्षं गेली. १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांच्या टीमने टीएलआर-फोर नावाचा रिसेप्टर पकडला, २०११ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा आहे तो याच कामासाठी. पेशीच्या अंगावरची दाराची बेल समज. एंडोटॉक्सिनने ती दाबली की पेशी साखळीने रसायनं सोडतात, ताप चढतो, रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी पडतं.

म्हणजे कागदावर असं दिसतं: इंजेक्शन दिलं, जंतू एकदम फुटले, एंडोटॉक्सिनचा लोट आला, पेशंट काही तास जास्त बिघडला. हे होऊ शकतं का? हो, होऊ शकतं. आणि कुठलं अँटिबायोटिक दिलं यावर ते किती होतं हेही लॅबमध्ये बदलताना दिसतं. काही औषधं जंतूला विभागायलाच देत नाहीत, मग तो मरायच्या आधी लांबच लांब वाढत राहतो. सेफॅलोस्पोरिन, म्हणजे सेफ्ट्रियाक्सोनच्या घराण्यातलं औषध, चालू असलेल्या पेशंटच्या लघवीच्या स्लाइडवर मी हे कितीतरी वेळा बघितलंय, ई. कोलाय एरवी छोट्या काडीसारखा, आणि इथे अक्षरशः शेवया पसरलेल्या. एवढा लांब झालेला जंतू फुटला की विषही जास्त सुटतं. उलट मेरोपेनेमच्या घराण्यातल्या औषधांनी तो गोल होऊन लवकर मरतो आणि परीक्षानळीत तरी विष कमी सुटतं. परीक्षानळीत तरी, हे शब्द दादाला मोठ्याने वाचून दाखव, कारण आयसीयूतल्या माणसांमध्ये या फरकामुळे जास्त लोक वाचतात किंवा जातात असं ठाम सिद्ध झालेलं नाही.

आपल्याकडे तर हा प्रकार पावसाळ्यात लेप्टोमध्ये बघायला मिळतो. २००५ च्या पुरानंतर मुंबई-ठाण्यात लेप्टो हा शब्द रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना पाठ झाला. लेप्टोच्या पेशंटला पेनिसिलिनचा पहिला डोस गेला की काहींना काही तासांत सडकून थंडी भरते, ताप उसळतो, बीपी खाली येतं. याला याऱिश-हर्क्सहायमर रिॲक्शन म्हणतात, नाव एवढं अवघड कारण दोन त्वचारोगतज्ज्ञांचं आहे, १८९५ आणि १९०२ सालचे. गंमत म्हणजे त्यांनी हे सिफिलिसमध्ये बघितलं आणि तेव्हा पेनिसिलिन जन्मालाही आलं नव्हतं, पाऱ्याने उपचार करायचे. म्हणजे "औषध दिलं आणि बिघडला" ही तक्रार अँटिबायोटिकपेक्षा जुनी आहे. आणि आजही लेप्टोमध्ये अशी थंडी भरली तर औषध थांबवत नाहीत, पेशंटवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवतात आणि पुढचा डोस वेळेवर देतात.

आता ते वाक्य.

बाबांच्या रक्तातला जंतू ईएसबीएलवाला होता. ईएसबीएल म्हणजे जंतूकडे असलेली एक कात्री, जी सेफ्ट्रियाक्सोनसारखं औषध कापून टाकते. दादाची थिअरी खरी ठरायची असेल तर त्या पहिल्या इंजेक्शनने जंतू धडाधड मरायला हवे होते, आणि रिपोर्ट नेमकं उलट सांगतोय, ते औषध त्या जंतूला लागू पडत नव्हतं. जे औषध जंतूला नीट मारतच नव्हतं त्याने मेलेल्या जंतूंचा लोट कुठून आणला? आणि जे औषध खरंच लागू पडलं, मेरोपेनेम, ते सुरू झाल्यावर बाबा कोसळले नाहीत, तिथून सुधारले, हे तूच लिहिलंयस. लॅबमधला रेझिस्टंट (औषधाला दाद न देणारा) म्हणजे शरीरात शून्य परिणाम असं शंभर टक्के नसतं हे मान्य, आपल्या पेशीही जंतू मारतातच आणि तेव्हाही विष सुटतंच. पण त्या रात्रीचा मुख्य आरोपी ते इंजेक्शन असावं असं मला रिपोर्ट बघून वाटत नाही.

मग काय झालं असेल? खड्याने नळी बंद, वर किडनीत दाबाखाली तुंबलेला पू, तो सतत रक्तात ढकलला जातोय, वर शुगर, वर जवळपास एक दिवस निघून गेलेला. असा पेशंट हॉस्पिटलच्या दारात आला तेव्हाच बीपी ८० होतं, इंजेक्शनच्या आधी. हे आकडे केसपेपरवर वेळेसकट असतात, बघ. पुढच्या तासात त्याचं काय होणार होतं ते बऱ्यापैकी ठरलेलं होतं, इंजेक्शन मध्ये आलं म्हणून आपण त्याला धरलं. "आधी बोलत होते हो, सुई टोचली आणि गेले" हे वाक्य मी लॅबच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या नातेवाइकांकडून इतक्यांदा ऐकलंय, आणि मी कधी त्यांच्याशी वाद घातला नाही, कारण माणसाचं मन शेवटचं जे डोळ्यांनी पाहिलं त्याला धरून ठेवतं.

एक शक्यता मात्र उरते, ॲलर्जीची. अंगावर पित्त उठणं, ओठ-डोळे सुजणं, घशात घरघर असं काही झालं होतं का? डिस्चार्ज कार्डावर ॲलर्जीच्या रकान्यात काय लिहिलंय? काही लिहिलं नसेल तर आपण घरच्या घरी "बाबांना इंजेक्शनची ॲलर्जी आहे" असं सगळ्या डॉक्टरांना सांगत सुटायचं नाही. एकदा तो शिक्का बसला की चांगली औषधं बाजूला पडतात आणि जास्त साइड इफेक्टवाली पुढे येतात. शंका असेल तर शंका म्हणूनच सांगायची, काय दिसलं ते वर्णन करून.

तुझ्या सहीबद्दल. २००६ साली एक मोठा अभ्यास आला, सेप्टिक शॉकच्या, म्हणजे सेप्सिसने बीपी कोसळलेल्या, पेशंटमध्ये बीपी पडल्यानंतर योग्य अँटिबायोटिक मिळायला पहिल्या सहा तासांत जितका उशीर, तेवढी दर तासाला वाचण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनी घसरत गेलेली दिसली. या आकड्यावर नंतर बऱ्याच चर्चा झाल्या, जुन्या केसपेपरवरून काढलेला आहे, तो घासून घासून वापरू नये. पण दिशा कोणी नाकारत नाही. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्येही शॉक असेल तर तासाभरात अँटिबायोटिक असं आहे, आणि शॉक नसेल, सेप्सिसची नुसती शंका असेल, तर तीन तासांपर्यंत तपासून मग ठरवा असं. बघ, तिथेसुद्धा सरसकट "दिसला पेशंट की ठोका" नाहीये. बाबा पहिल्या प्रकारात होते. तू सही केली नसतीस तर तासांचा हिशोब उलटा सुरू झाला असता. कल्चर आधी, इंजेक्शन लगेच, स्टेंट त्याच रात्री. तुंबलेली किडनी मोकळी केल्याशिवाय जगातलं कुठलंही अँटिबायोटिक पुरत नाही, म्हणजे त्या रात्री बाबांना खरं वाचवलं असेल तर त्या प्लॅस्टिकच्या नळीने, जी आज काढायची की नाही यावर तुमच्या घरात भांडण चाललंय.

कोणी म्हणेल मग पहिल्याच फटक्यात मेरोपेनेम का नाही दिलं. विचारायला हरकत नाही, पण राग धरायच्या आधी एक गोष्ट: कल्चरला दोन-तीन दिवस लागतात, तोवर डॉक्टर अंदाजाने देतात. सगळ्यांना पहिल्याच दिवशी सगळ्यात भारी औषध दिलं तर उद्या तेही चालेनासं होईल, आणि नाही दिलं तर एखाद्या बाबांच्या बाबतीत अंदाज चुकतो. हा पेच खरा आहे, आणि आपल्याकडे ईएसबीएल इतका माजलाय की तो रोजचा झालाय.

दादाच्या वाचनातला उरलेला भाग मला जास्त आवडतो, कारण तो उलट्या बाजूने जातो. अँटिबायोटिक इम्युनिटी बिघडवतं एवढंच नाही, काही अँटिबायोटिक ती शांत करतं, आणि डॉक्टर मुद्दाम त्यासाठी वापरतात. जपानमध्ये फुप्फुसाचा एक वाईट आजार असतो, डिफ्यूज पॅनब्राँकिओलायटिस, १९८० च्या दशकात तिथे एरिथ्रोमायसिन अगदी कमी डोसमध्ये महिनोन् महिने देऊन बघितलं, जंतू मारायला पुरणारही नाही इतक्या कमी डोसमध्ये, आणि रुग्ण जगायला लागले. औषध सूज शांत करत होतं. त्याच घराण्यातलं क्लॅरिथ्रोमायसिन न्यूमोनियात नेहमीच्या औषधाला जोडून दिल्याचा ग्रीसमधला ट्रायल २०२४ मध्ये आला, पेशंट लवकर सावरले असं दिसलं. आणि गंमत बघ, बाबांना मेडिकलमधून आणलेलं अझिथ्रोमायसिन याच घराण्यातलं. फक्त ते लघवीत पुरेसं उतरत नाही, त्यामुळे लघवीच्या इन्फेक्शनला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. मांस सडवणाऱ्या स्ट्रेप्टोकोकसच्या इन्फेक्शनमध्ये पेनिसिलिनला क्लिंडामायसिन जोडतात ते कशासाठी, तर जंतूची विष तयार करायची फॅक्टरी बंद पडावी म्हणून. आणि मोठ्यांच्या जिवाणूजन्य मेनिंजायटिसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या इन्फेक्शनमध्ये, अँटिबायोटिकच्या जरा आधी किंवा बरोबरच डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात, कारण जंतू फुटून मेंदूभोवती सूज येणार हे आधीच माहीत असतं, २००२ च्या युरोपातल्या ट्रायलपासून हे पक्कं झालं. म्हणजे दादाने जे "लपवलेलं सत्य" शोधलंय त्यावर वॉर्डात रोज निर्णय होतायत. कुठलं, कधी, कशाबरोबर, किती दिवस. "द्यायचंच नाही" हा पर्याय त्या यादीत सेप्सिसवाल्या माणसासाठी नाहीये.

"किती दिवस" यावर मात्र दादाच्या बाजूने थोडं बोलते. पोटातले चांगले जंतू हे आपल्या प्रतिकारशक्तीचे मास्तर असतात, आणि तगडं अँटिबायोटिक चाललं की शाळा रिकामी होते. म्हणून गरज नसताना एक दिवसही जास्त नको. २०२४ च्या शेवटी बॅलन्स नावाचा ट्रायल छापून आला, रक्तात इन्फेक्शन झालेले ३,६०० च्या वर पेशंट, निम्म्यांना ७ दिवस, निम्म्यांना १४, आणि ७ दिवसवाले कुठे मागे पडले नाहीत, त्यात बऱ्याच जणांचं मूळ लघवीतच होतं. म्हणून "कोर्स जितका लांब तितका बरा" ही आपल्या आईच्या काळातली समजूतही सोडायला हवी. पण कोर्स कुठे थांबवायचा हे डॉक्टर ठरवणार, "आता बरं वाटतंय" म्हणून आपण नाही.

आणि बाबा आज जे थकलेले आहेत, तू लिहिलंयस की जिना चढताना थांबतात, नावं विसरतात, रात्री दचकून उठतात, दादा हे सगळं अँटिबायोटिकच्या नावावर मांडतोय. बहुतेक हे सेप्सिसचं देणं आहे. आजार गेल्यावरही आठवडे, कधी महिने, स्नायू, झोप, आठवण, मूड सगळं ढासळलेलं राहतं. केस गळायला लागले तर घाबरू नका, तेही होतं. सुरुवातीला भडकलेली प्रतिकारयंत्रणा नंतर काही काळ सुस्त पडते, त्यामुळे पुढचे काही महिने परत इन्फेक्शनचा धोका जास्त. दादा म्हणतो इम्युनिटी मोडलीय, तर हो, तात्पुरती कमजोर आहे, म्हणूनच तर शरीरात एक परकी नळी आणि एक खडा घेऊन जास्त दिवस बसायचं नाही.

स्टेंटबद्दल माझं मत सरळ आहे. ताकद यायची वाट बघत "नंतर बघू" हा तुमच्यासमोरचा सगळ्यात धोक्याचा पर्याय आहे, जरी तो सगळ्यात सौम्य वाटत असला तरी. स्टेंटवर जंतूंचा थर बसतो, मग क्षार साचतात, विसरलेला स्टेंट दगडासारखा होऊन बसतो आणि काढायलाच मोठं ऑपरेशन लागतं. साधारणपणे तीन महिन्यांच्या आत तो काढतात किंवा बदलतात, बाबांची नेमकी मुदत युरॉलॉजिस्टने कार्डावर लिहिलेली असेल, ती भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल पेनाने लिही. सव्वा महिना झाला, म्हणजे घाईही नाही आणि आळसही नको. आणि ऑपरेशनच्या आधी अँटिबायोटिक का, तर लेझरने खडा फुटतो तेव्हा खड्याच्या पोटातले जंतू मोकळे होतात, आत पाण्याचा दाब असतो, ते रक्तात जाऊ शकतात. म्हणजे दादाला ज्या लोटाची भीती आहे तो लोट इथे खरंच येऊ शकतो, आणि तो अडवायलाच ते अँटिबायोटिक आहे. हे वाक्य त्याला नीट समजावलंस तर बाकीचं लेक्चर लागणार नाही कदाचित.

मी बाबांना तपासलेलं नाही, त्यामुळे कुठलं औषध ते मी सांगणार नाही. पण ओपीडीत जाताना काय न्यायचं, काय विचारायचं ते सांगते, आणि हे इतर वाचकांनीही फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. जुना कल्चर रिपोर्ट, फक्त डिस्चार्ज कार्ड नाही, ती खालची एस (औषध लागू पडतं) आणि आर (लागू पडत नाही) वाली यादी असलेलं पान, त्याचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये हवा. पुढे कधी मध्यरात्री कुठल्याही हॉस्पिटलात जावं लागलं तर तोच कागद तो दोन-तीन दिवसांचा अंदाज वाचवतो. डॉक्टरांना विचारा: आत्ताच्या कल्चरप्रमाणे कुठलं औषध, ऑपरेशनच्या आधी किती डोस आणि नंतर किती, कधी थांबवणार, आणि ऑपरेशननंतर पहिली रात्र बाबांना हॉस्पिटलातच ठेवता येईल का. शुगरच्या गोळ्यांची पट्टी दाखवा, त्यात शेवटी ग्लिफ्लोझिन असलेलं नाव असेल तर खास सांगा, त्या गोळ्या ऑपरेशनआधी काही दिवस बंद करायला सांगतात आणि लघवीच्या मार्गाच्या इन्फेक्शनच्या बाबतीतही डॉक्टर त्यांचा वेगळा विचार करतात, पण परस्पर बंद करू नका. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशीबद्दल फिजिशियनला विचारा.

गुळवेलीचा काढा बंद करा असं मी स्पष्ट म्हणते. २०२१ मध्ये मुंबईतल्याच लिव्हरच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हर बिघडलेल्या पेशंटची नोंद छापली होती, आणि ज्याची किडनी आत्ताच मार खाऊन उठलीय त्याच्यावर प्रयोग नकोत. त्यात "इम्युनिटी वाढवणं" हे सेप्सिसच्या बाबतीत कसं विचित्र आहे ते आता तुझ्या लक्षात आलंच असेल. ताक द्या, मऊ भात, डाळ, अंडं चालत असेल तर अंडं, रोज थोडं जास्त चालणं. अँटिबायोटिकनंतर पाण्यासारखे जुलाब दिवसात तीन-चारदा लागले तर जुलाब थांबवायची गोळी घेऊ नका, डॉक्टरांना दाखवा, दोन-अडीच महिन्यांनीसुद्धा हे होऊ शकतं.

आणि उलट बाजूही सांगते, नाहीतर तू घाबरून प्रत्येक रिपोर्टला औषध मागशील. स्टेंट आत असेपर्यंत लघवीच्या रिपोर्टमध्ये पस सेल्स दिसणारच, रक्ताच्या पेशी दिसणारच, लघवीला जळजळही होईल थोडी. ताप नाही, थंडी नाही, तर नुसत्या त्या आकड्यासाठी अँटिबायोटिक घ्यायचं नसतं, ऑपरेशनच्या आधीचं सोडून. ज्यासाठी धावत जायचं ते वेगळं: हुडहुडी भरून ताप, बोलणं बरळल्यासारखं, श्वास भरभर, हातपाय गार किंवा डाग डाग पडलेले, लघवी पाच-सहा तास नाहीच. यातलं एखादं दिसलं तरी मेडिकल नाही, फॅमिली डॉक्टरची वेळही नाही, सरळ मोठं हॉस्पिटल, आणि दारातच म्हणायचं, "यांना मागे सेप्सिस झाला होता, स्टेंट आहे." ही दोन वाक्यं रिसेप्शनवरची रांग तोडतात.

दादाशी कसं बोलायचं हे तू विचारलं नाहीस, पण मला वाटतं खरा प्रश्न तोच आहे. तुझ्या पत्रात सगळ्यांनी काय केलं ते आहे, तू नेलंस, तू सही केलीस, वहिनीने डबे पोचवले, फक्त "मेडिकलमधून गोळ्या आल्या" असं आहे, कोणी आणल्या ते नाही. शनिवारी दादा घरी होता का? मी तुला उत्तर मागत नाहीये. पण जो मुलगा त्या रविवारी पुण्यात होता, आणि कदाचित ज्याने आदल्या दिवशी गोळ्या आणल्या, त्याला ते इंजेक्शन दोषी असणं फार गरजेचं असू शकतं. तू सहीचं ओझं घेऊन बसलीयस, तो त्याचं घेऊन, आणि दोघं मिळून बाबांच्या स्टेंटवर भांडताय. त्याला आर्टिकलच्या लिंक पाठवू नकोस, त्याच्याकडेही लिंक आहेत. त्याला ओपीडीत घेऊन जा आणि प्रश्न त्यालाच विचारू दे, "पहिल्या इंजेक्शननंतर बाबा का बिघडले?" डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं त्याला पटेल, आणि नाही पटलं तरी दुसऱ्या युरॉलॉजिस्टचं मत घ्यायला मुदतीत वेळ आहे. बाबांनाही विचारा, ते ७१ चे आहेत, सात वर्षांचे नाहीत. "नको ते इंजेक्शन" म्हणतायत ते औषधाबद्दल आहे की आयसीयूतल्या त्या रात्रींबद्दल, हे कोणी बसून विचारलंय का त्यांना? बरेचदा ते दुसरंच असतं.

आता कल्चरचं, ते माझं खातं. ऑपरेशनची तारीख ठरली की आठवडाभर आधी नमुना द्या, कारण जंतू वाढायला आणि औषधं तपासायला दोन-तीन दिवस जातात, आणि मग त्याप्रमाणे औषध सुरू व्हायला वेळ हवा. डबी लॅबमधूनच घ्या, घरातली बाटली धुऊन वापरू नका. आधी जागा साध्या पाण्याने स्वच्छ, पहिली धार सोडून द्यायची, मधली डबीत, बोट आत लावायचं नाही. आणि दोन तासांत लॅबला पोचली पाहिजे, नाहीतर फ्रिजमध्ये, दारातल्या कप्प्यात नाही, आत. तू हौसेने ऐरोलीच्या ओळखीच्या लॅबला नेऊ नकोस, विटाव्याच्या ट्रॅफिकमध्ये डबी तासभर गाडीत तापली की नको ते जंतू वाढतात आणि मग रिपोर्ट येतो "एकापेक्षा जास्त जंतू, नमुना परत द्या", असे रिपोर्ट मी स्वतः हजारो लिहिलेत. वर्तकनगरच्या जवळच दे, फॉर्मवर लिही की स्टेंट आहे, मागच्या वेळी ईएसबीएल होता, आणि सध्या कुठलंही अँटिबायोटिक चालू नाही. डबी घेऊन दादाला पाठव.